जुमानानं न मारलेला फटका

कैरोतल्या फिजिओथेरपिस्टच्या दाराबाहेर खुर्च्या चार होत्या आणि माणसं तीन: स्क्वॉश खेळणारी नेर्मिन, तिचे म्हातारे कोच वगदी, ज्यांना ती कॅप्टन म्हणायची, आणि मी.

“कॅप्टन, कालच्या सामन्यात जुमानानं मला पुढे पळवणारा एकही आखूड फटका मारला नाही.”

“जमत नसेल तिला.”

“तुम्हीच शिकवलाय.”

“मग विसरली असेल. पोर आहे.”

“माझा गुडघा सांभाळत होती ती. आणि तरी मी हरले.”

“छत्तीस वर्षांची झालीस, हबीबती, बाळा. बस कर आता.”

“आज गुडघा एकशेवीस अंशांपर्यंत वाकला तर रविवारी खेळणार. नाही वाकला तर खेळ सोडला. रॅकेट तुम्हाला.”

“मी काय करू तिचं?”

“जुमानाला द्या.”

तिला आत बोलावलं. दार उघडंच राहिलं.

“वाकवा. आणखी थोडा.”

“एवढाच.”

“एकशे चार.”