सगळ्यात गुळगुळीत

(साल १९३४. मंगरूळपीरचा बाजार. सोडलेल्या बैलगाडीच्या सावलीत दोन मित्र.)

हेमला : तू आदी नुसतं आयक, जगदेव. मधात बोलू नको, नाई तं मी सांगतच नाई.

जगदेव : बोलते कोन लेका. बिडी पेटवून राह्यलो. सांग.

हेमला : शेलूबाजारात दौलतरावाच्या नव्या घराले दारावर रंगीत काच लागली, पाह्यली ना तू?

जगदेव : मोराची? पाह्यली तं. सकाळचं ऊन आलं का ओसरीभर निळं-हिरवं सांडते. तूच केली म्हनतात.

हेमला : म्याच केली. मोहनसिंग मिस्तरीच्या दुकानात तीन वर्सं म्या काचा पुसल्या, कथील वितळवलं, काम काई हाती लागू देलं नाई त्यानं. अन् या मोराच्या टायमाले म्हने, पट्टी बसवून दाखव, जमली तं मोर तुहा.

जगदेव : कायची पट्टी?

हेमला : तांब्याची. कागदावानी पातळ. काचेच्या हरेक तुकड्याच्या कडेले गुंडाळाची, दाबून दाबून चिकटवाची, मंग तुकडे जवळ ठेवून कथलानं जोडाचे. सुरकुती राह्यली का कथील धरत नाई, मोराचं पीस गळून खाली. सगळी कारागिरी दाबन्यात. अन् दाबाचं हत्यार ज्याचं त्यानं आनाचं. मिस्तरीपाशी हाडाचं एक हाये, त्याच्या बापाचं, कोनाले शिवू देत नाई.

जगदेव : खिळा घ्याचा एखादा.

हेमला : घेतला. खिळ्यानं तांबं फाटते. बांबूची कामटी घेतली, तिचे धागे निघाले. चमच्याचा दांडा घेतला तं लाल काचच टिचकली, मिस्तरी दिवसभर बोलला नाई माह्याशी. बैलाचं शिंग आनलं, घासता घासता बोटं सोलली, शिंग चरबट थे चरबटच. अन् मिस्तरी म्हने, उद्या दाखव, नाई तं मी धरमसिंगाले बोलावतो.

जगदेव : थो धरमसिंग? थो तं दारू पेऊन काच कापते. एका बोटानं कमी हाये.

हेमला : हासू नको बे. घरी तांड्यात आलो अन् गोमतीकाकीची पेटी दिसली.

जगदेव : तुले जिनं वाढवलं थे काकी?

हेमला : थेच. याडी, माही माय, गेल्यावर तिनंच मले पोसलं. आमच्यात बायाच्या दंडावर हाडाच्या बांगड्या असतात, नवरा गेला का उतरवतात, तुले मालूम हाये. काका जाऊन सा वर्सं झाले. काकीनं आठ बांगड्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. थे पान्याले गेली होती. म्या फडकं सोडलं. म्हटलं, आता थे घालनार थोडीच हाये, आठातली एक गेली तं काय होते.

जगदेव : इचारलं नाई तिले?

हेमला : नाई ना. एकेक उचलली, अंगठा फिरवून पाह्यला. सात अशातशाच. अन् एक अशी का बापा, लोनी. थेच घेतली. आरीनं कापली, दगडावर टोक काढलं. दुसऱ्या दिवशी पट्टीवर फिरवली तं तांबं काचेले असं बसलं जसं काचेतूनच उगवलं. मिस्तरीनं बोट फिरवलं, म्हने, मोर तुहा.

जगदेव : मंग त्यात रडाचं काय?

हेमला : काकी त्याच संध्याकाळपासून शोधाले लागली. पेटी झटकली, कनगीच्या मांगं हात घातला, चूल सारवता सारवता राखेत पाह्यलं. काय शोधतं म्हटलं तं म्हने, काई नाई. पंधरा दिवस. अन् मी जेवत होतो तिच्या हातचं.

जगदेव : आन् तू चूप.

हेमला : मोर पुरा होईलोक चूप. मंग तिले दाखवाले नेलं, लय खुश झाली, लोकाईले सांगे, माह्या पोरानं केला. तवा मले राह्यवलं नाई. खिशातून हत्यार काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं कापल्या जागेवर अंगठा फिरवला. म्हने, "बाकीच्या सात सासूनं घातल्या होत्या, हेमला. हे तुह्या काकानं पोहऱ्याच्या जत्रेतून आनली होती. रोज घेऊन बसत होती मी, म्हनून गुळगुळीत झाली."

जगदेव : अरे देवा.

हेमला : मले म्हने, "मांगितलं असतं तं साती देल्या असत्या." अन् हत्यार माह्याच हातात परत देलं. म्हने, चालते ना, मंग चालव.

जगदेव : अन् आता?

हेमला : आता मिस्तरी मले कारागीर म्हनते. अन् काकी संध्याकाळी दारात बसते, अंगठा बोटावर तसाच फिरवते. हातात काई नसते. जगदेव, खरं सांग. तुह्यापुढे आठ असत्या, अन् उद्या काम दाखवाचं असतं, तं तू कोनती उचलली असती?