गावाची विहीर अन् आक्काची मोसंबी

माझं माहेर पैठणकडं, धरणाच्या काठाला, तिथं पाणी कायम डोळ्यापुढं, अन् दिलं मला इकडं वैजापूरकडच्या कोरड्या गावात. लग्न झालं तवा डोईवर घागर धरता येत नव्हती मला, ते शिकवलं आक्कानं. आक्का म्हंजी माझी थोरली जाऊ. काय सांगू तुम्हाला, आई ल्हानपणीच गेली माझी, सासरी आक्काच माझी आई झाली.

मग शहरातल्या एक मॅडम आल्या, म्हणल्या, विहिरींचं पाणी तुमचं तुम्हीच मोजत जा, म्हंजी किती उपसायचं ते तुम्हालाच ठरवता येईल. बाप्ये हसले. आक्का म्हणली, चल गं सुमन, आपण मोजू. तवापासून दर महिन्याला आम्ही दोघी जावा हिंडायचो, ती टेपला वजन बांधून विहिरीत सोडायची, मी ओलं झालं तिथला आकडा वाचून मोबाईलवर मॅडमला धाडायची. लई हिंडलो, लई हसलो, मनातलं सगळं बोलणं विहिरीच्या कडंलाच व्हायचं. अन् हळूहळू आम्हाला दिसाया लागलं ना, वढ्याकडंला कुणी नवा बोअर घेतला की गावाच्या पिण्याच्या विहिरीचं पाणी खाली जातंय. दर वक्ताला जातंय.

आता आक्काची मोसंबी वढ्याकडंलाच. डोईवर पाणी वाहून जगवलेली झाडं ती, पोटाला पोर नव्हतं तिला, झाडांशीच बोलायची. एका साली पाऊस झाला नाय, तवा दादांनी, म्हंजी आक्काच्या मालकानं, तिथं नवा बोअर घ्यायचं ठरवलं. ग्रामसभेत इषय निघणार व्हता. आदल्या दिशी जेवताना दादा तिला म्हणले, माझ्यासमोरच म्हणले, उद्या इचारलं तर सांग, पाणी वरच हाये. तिनं भाकर वाढली.

सभेत सरपंच म्हणले, आक्का, तुम्ही मोजता, तुम्हीच सांगा. मी बाजूलाच बसलेली. आक्का उठली, पदर घेतला अन् म्हणली, पाणी तळाला गेलंय, तिथं बोअर पडला तर उन्हाळ्यात लेकरं काय पिणार, आमाला बी नको अन् कुणालाच नको. एवढंच. गावानं ठराव केला, वढ्याकडंला नवा बोअर बंद. दादा उठून गेले.

त्या उन्हाळ्यात गावाची विहीर आटली नाय, बरं का, टँकर लागला नाय. अन् मोसंबी उभी वाळली. कुऱ्हाड चालली त्या दिशी मी आक्काचं कवाड वाजवलं, आतूनच म्हणली, सुमन, आज नको.

मग दादा तिला घेऊन शहरात मुकुंदवाडीला कामाला गेले, एका खोलीत राहतेत. मी भेटाया गेले तर दादांनी दारातूनच परत धाडलं. पुढच्या वक्ताला मी निरोप धाडला, तर आक्का तिथल्या ठेसनावर आली, चोरून. लई वाळली व्हती. मला वाटलं गावाला शिव्या देईल. तर पयलं इचारलं काय, विहिरीला पाणी किती हाये गं? मी सांगितलं. व्हय का, म्हणली, अन् पदर तोंडात धरून रडली, मी बी रडले, गाडी आली अन् गेली, आम्ही तशाच.

आता टेप धरायला शेजारची सून येती. चांगली हाये, पर आक्का ती आक्का. तिकडं शहरात नळाला कितीक दिवस पाणी येत नाय म्हणं, आक्का हंडा घेऊन टँकरपाशी उभी राहती. अन् आम्ही इथं तिनं राखलेलं पाणी पितोय, काय करू, सांगा, दर घोटाला तीच आठवती. सुखी असू दे बाई माझी, तिच्या दारी पाणी येऊ दे.