बाबांचं सेशन

लेक : ...बरं. आणि वृद्धाश्रमातल्या त्या खोलीत राहायचं म्हटलं, की आतून नेमकं काय जाणवतं, बाबा?

वडील : आतून? सकाळपासून ॲसिडिटी जाणवतेय.

लेक : ॲसिडिटी जाणवतेय.

वडील : मी म्हणालो तेच परत का म्हणालीस?

लेक : सवय हो. समोरच्याचं वाक्य त्यालाच ऐकवायचं, म्हणजे तो आणखी खोलात जातो. लाइफ कोचिंगच्या कोर्समध्ये शिकवलंय.

वडील : मी कुठे खोलात गेलो? मला वाटलं, तुला कमी ऐकू यायला लागलं.

लेक : माझ्याकडे कोचिंगला मोठमोठे मॅनेजर येतात, बाबा. एका प्रश्नात ढसाढसा रडतात.

वडील : फी ऐकून रडत असतील.

लेक : असेल, तेही असेल. बरं, पुढचा प्रश्न. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?

वडील : भिंतीवर. फ्रेममध्ये.

लेक : बाबा!

वडील : मग विचारू नये असलं काही. हे बघ, घरमालकाला महिनाअखेर हे घर रिकामं हवंय. आश्रमवाल्यांना उद्या होकार कळवायचाय. मी काय करू, म्हणून कधीपासून तुला विचारतोय. तुझं आपलं एकच, 'तुम्हाला काय वाटतं?'

लेक : आपलं मत मध्ये घालायचं नाही, हा आमचा पहिला नियम. म्हटलं, निर्णय तुमचा असू दे, माझं दडपण नको.

वडील : मला वाटलं, हिला माझी अडचण होणार. स्पष्ट सांगायचं जिवावर आलंय, म्हणून प्रश्न विचारत बसलीय.

लेक : अरे देवा! आणि तुम्ही गप्प बसायचात, ते मी आत्मचिंतन समजत होते. मैत्रिणींना कौतुकानं सांगितलंसुद्धा, बाबांचं काय छान चाललंय!

वडील : छानच चाललं होतं. भांडी बांधून झाली, पुस्तकं तेवढी राहिलीत.

लेक : एक विचारू? हा कोर्समधला नाही. याच्या उत्तराची मला भीती वाटते.

वडील : विचार.

लेक : माझ्याकडे राहायला याल? मी उशिरा घरी येते, लगेच चिडते, जेवतानासुद्धा प्रश्न विचारून डोकं खाते. पण मला तुम्ही घरात हवे आहात. याल?

(वडील चष्मा काढून सावकाश पुसत राहतात.)

लेक : बाबा, बोला ना काहीतरी!

वडील : कोर्समध्ये थांबायला नाही शिकवलं?

लेक : शिकवलंय. दुसऱ्यांच्या वडिलांसमोर जमतं.

वडील : मग त्या आश्रमवाल्यांना उद्या तू फोन कर. माणसं चांगली आहेत गं, मला 'नाही' म्हणायला संकोच वाटतो.