राक्षसाची तीन मिनिटं

वांकिडीच्या बस थांब्यावर माझ्या शेजारी एक मुलगी मोबाईलवर गेम खेळत होती. तिने तो एकदम बंद केला, तसं तिच्या वडिलांनी विचारलं.

“काऊन बंद केला, शीतल? हरली काय?”

“जिकली, बाबा. महिनाभर लढून शेवटच्या राक्षसराजापाशी पोचली, तं तो आला, हसला अन् मेला.”

“पण लोकायले तरास काऊन देत होता तो?”

“ते सांगतच नाही. त्याले काई कहाणीच नाही.”

“आपल्या दंडारीच्या नाटकात राक्षस पयले नाव-गाव सांगते, मंग आपलं दुःख गाते. मी गायचो तं बाया डोये पुसत. त्याच्यानंतरच मले मारत.”

“यंदाबी गाता ना?”

“यंदा नाटक बसवनाऱ्या पोट्ट्यायनं गाणं काढून टाकलं. तीन मिनिटं देल्ली. यायचं, हसायचं, मरायचं.”

“अन् तुमी हो म्हटलं?”

“म्हटलं. मराले कोणी तं पायजे.”

“मंग पिशवीतल्या ह्या राक्षसाच्या नव्या मिशा कायले घेतल्या?”

“स्टेजवर चढल्यावर तीन मिनिटानं मी मेलोच नाही, गातच रायलो, तं कोण काय करते?”