सहा रिजेक्ट, एक पास

चिनी मातीच्या वाट्यांवरचा जलतरंग तुम्ही ऐकला असेल. मी तो तोफगोळ्यांच्या पितळी नळकांड्यांवर वाजवलाय, जबलपूरच्या दारूगोळा फॅक्टरीत, अन् तेही लढाईच्या दिवसांत!

विश्वकर्मा पूजेला आमच्या सेक्शनला काहीतरी करून दाखवायचं होतं. मी आणि माझा जोडीदार वसंता, आम्ही रिजेक्टच्या ढिगातून सहा नळकांडी निवडली. पंचमाला मात्र एकही जुळेना, म्हणून पास झालेल्या मालातलं एक उचललं. कमीजास्त पाणी भरून सूर लावले; पाणी कमी तितका सूर वर. रिजेक्टवाले सहा झकास लागले. पंचम मात्र लावला की दहा मिनिटांत पुन्हा चढायचा.

वसंता वैतागला, "काहून चढून राहिला बे हा?"

तेवढ्यात दारात इन्स्पेक्शनचे साहेब! तिकडे सीमेवर लढाई चालू, अन् आम्ही लाकडी काड्या घेऊन बसलेलो. नोकरी गेलीच म्हणायची.

"ये क्या हो रहा है?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "लीक टेस्ट, साहब."

साहेबांनी एकेक नळकांडं उचलून खालून बोट फिरवलं. सहाही कोरडी. पंचमाला मात्र बोट ओलं झालं. पास झालेला माल, अन् गळून राहिला होता! साहेबांनी तिथल्या तिथे सगळा लॉट थांबवला अन् पुन्हा तपासायला लावला. आमची पाठ थोपटली. आम्हाला वाटलं, सुटलो.

दारापर्यंत गेलेले साहेब वळले.

"टेस्ट बढ़िया है. बस, कल पूजा से पहले पंचम बदल लेना."