आईचा ठिपका

…अन् वर मलाच म्हणत्यात, "उत्तरेश्वर, तुझा नकाशा बिघडलाय!" आवो, नकाशा न्हाय बिघडला, घरची माणसं बिघडलीत! तुम्हाला सांगतो, अख्ख्या अणदुरात वायरलेसची सरकारी परीक्षा पास झालेला म्या एकटा. गच्चीवर बांबूला अँटेना, खाली देवघराच्या भिंतीला माझा गेटवे. गेटवे म्हंजे? लई सोपं! छोटं यंत्र पिशवीत टाकायचं, ते दर दोन मिनिटाला रेडिओवर वरडतं, 'मी इथं हाय, मी इथं हाय'. गेटवे ते ऐकतो, इंटरनेटवर टाकतो, अन् नकाशात ठिपका! दहादा समजावलंय घरात, दहादा! सांगा, म्या चिडू का नको?

तर नवरात्राची तिसरी माळ. आमची आई, कडूबाई, वय बहात्तर, बायांबरोबर चालत तुळजापूरला निघाली. दर साली जाते, पण औंदा बीपी वाढलेलं, मला धास्ती! मोबाईल घेत न्हाय. "देवी काय मला मिस्कॉल देणारे व्हय?" मग म्या यंत्रच पिशवीत नारळाखाली सारलं, अन् घरी बजावलं, "ध्यान ठेवा, नकाशा कधी खोटं बोलत न्हाय!"

दहापर्यंत ठिपका कसा झकास चालला… अन् ओढ्यापाशी थांबला. पाव तास… तिथंच. अर्धा तास… तिथंच! बसली? पडली? चक्कर आली? कुणाला न सांगता फटफटीला किक मारली. फटफटीवरबी माझं यंत्र हाय बरं का, तिचाबी ठिपका नकाशात असतो.

ओढ्यावर चिटपाखरू न्हाय! काट्यात शिरलो, चिखलात उतरलो, "आई गं, आई गं" बोंबलत. बांधावरनं तिथले शेतकरी गफारभाई म्हणत्यात, "बायांचा घोळका तर कवाच फुडं गेला की!"

"पण नकाशात आई हितंच हाय!"

"मग नकाशालाच इचारा, मला कशाला इचारता?"

सांगा, म्या चिडू का नको? त्यात नकाशा बघून बघून मोबाईल मेला. गफारभाईनं आपला फोन फुडं केला, पण बायकोचा नंबर पाठ असतो का आजकाल कुणाचा? निघालो तसाच फुडं. दिसंल त्या घोळक्याला थांबवत, बायांच्या शिव्या खात, पार तुळजापूरच्या जवळ आमच्या गल्लीतली इरम्मा घावली. "कडूबाई? आवं, तिचा गुडघा धरला, सकाळीच टेम्पोत बसून माघारी गेली की ती!"

घरी आलो. आई ओसरीवर, पाय पसरून, शेंगा फोडत! अन् देवघरात बघतो तर गेटवेचा प्लग काढून खाली टाकलेला, अन् तिथं लायटिंगची माळ लुकलुक लुकलुक! दीपमाला, म्हंजे आमची मंडळी, काय म्हणावी? "घटाला लायटिंग नको व्हय लावायला? दहा वाजल्यापासनं लावलीय. तुमचा डबा नुसता गुणगुणत पडलेला."

म्हंजे आई थांबलीच नव्हती, ऐकणारा गेटवेच झोपला होता! जिल्ह्यात दुसरा गेटवे कुणाचा न्हाय, मग ठिपका हलंल कसा? पण देवीफुडच्या लायटिंगला बोलायचं कुणी? सांगा, म्या चिडू का नको?

म्हणलं, "आगं, तीन तास पोरगा गायब, कुणी हुडकलंबी न्हाय मला?"

आई म्हणती, "हुडकायचं कशाला? सुनेच्या मोबाईलात बघितलं, तुझ्या फटफटीचा ठिपका घरातच होता की! नकाशा खोटं बोलत न्हाय म्हणलास ना? मला वाटलं, असंल गच्चीवर खुडबुड करत."

अन् दीपमाला तर फुगूनच बसलेली! का? "चार हाका मारल्या जेवायला, घरात असून 'ओ' द्यायला काय होतं?"

गार झालेल्या भगरीचं ताट उचललं अन् गच्चीवर जाऊन बसलो. म्हणलं, निदान नकाशा तरी खरा होऊ दे.