अकरा इंचांचं भांडं

लेक : आई, तोंडातून काढ तो फुगा आधी. काढ म्हणते ना!

आई : हळू बोल. बाहेर ऐकू जाईल त्यांना.

लेक : हा बाबांनी फुगवलेला फुगा ना? आत्ता तुझ्या हातात दिला त्यांनी, मी दारातून येताना पाहिलं. बांधायला म्हणून आत आणलास आणि इथे ओट्यापाशी उभी राहून तू पुन्हा फुगवतेयस?

आई : पुन्हा नाही गं. पुढे. त्यांनी सोडला तिथून पुढे. चार फुंकरा फक्त.

लेक : चार?

आई : आठ. परवापासून दहा घालायला लागतात.

लेक : आणि हे कधीपासून?

आई : दीड महिना झाला असेल. सोड ना माझा हात, हवा जातेय. बाहेर प्लास्टर कालवून ठेवलंय त्यांनी, ते काय आपल्यासाठी थांबतं का?

लेक : दीड महिना! म्हणजे बाहेरच्या फळीवरची ती सगळी मोठी भांडी...

आई : सगळी नाही. वरची ओळ त्यांची आहे. खरी त्यांची. आठ इंची, साडेसात, सात. मग एके दिवशी पाचचं झालं. लाल फुगा होता. प्लास्टर सुकलं, फुगा सोडवला, भांडं हातात घेतलं आणि बघतच बसले. मग ते फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवलं, आणि दोन दिवस जेवले नाहीत गं. मी ताट नेऊन ठेवायची आणि तसंच परत आणायची. मग तिसऱ्या दिवशी मी दोन फुंकरा घातल्या. दोनच! सहा इंच झालं. त्या दिवशी मागून भाजी घेतली त्यांनी.

लेक : आणि मग रोज?

आई : एकदा वाढवलं की दुसऱ्या दिवशी कमी कसं करणार, तूच सांग.

लेक : आई, बाबांनी काल हॉस्पिटलला स्वतः फोन केला. बेड नको म्हणाले. मी आता बरा आहे, दुसऱ्या कोणाला द्या म्हणाले. मला आज सकाळी कळलं तिकडून. म्हणून तर धावत आले मी.

आई : काय सांगतेस!

लेक : मी हातापाया पडले तिथल्या बेड देणाऱ्या बाईंच्या. बारापर्यंत ठेवतो म्हणाल्या. बाराला आपण तिथे नसलो तर यादीतला पुढचा माणूस घेतात, आणि मग आपला नंबर दोन महिन्यांनी. दोन महिन्यांचं डॉक्टर काय म्हणाले होते ते तुला मी सांगायला हवं का?

आई : नको. नको सांगूस. चार दिवसांपासून ऑक्सिजनची नळीसुद्धा काढून ठेवलीय त्यांनी. मशीनवर टॉवेल वाळत घालतात.

मिस्त्री : (बाहेरच्या खोलीतून) अगं, गाठ मारतेस की स्वेटर विणतेस? इथे दगड होईल प्लास्टरचा!

लेक : चल. तो फुगा ठेव इथेच. तू सांगायचंस त्यांना, मी नाही.

आई : माझ्याच्याने नाही व्हायचं.

लेक : मग मी सांगते.

आई : नको! तू सांगितलंस तर त्यांना वाटेल मी पोरीजवळ हसले त्यांना. मीच सांगते. चल.

मिस्त्री : आलात? अरे, तूही आलीस? बस, बस. त्या प्लास्टरच्या पट्ट्यांवर नको, बाजूला. फुगा कुठाय?

लेक : बाबा, शर्ट बदला. खाली गाडी उभी आहे.

मिस्त्री : कळलं वाटतं तुला. मी सांगणारच होतो संध्याकाळी. नाही जायचं आपल्याला. गरज नाही.

लेक : तुम्ही ठरवणार गरज नाही ते?

मिस्त्री : मी नाही. ती फळी. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, उठ आणि बघ. प्रत्येक भांड्याच्या तळाला तारीख आहे, पेन्सिलीने घातलेली. तुमच्या हॉस्पिटलातल्या त्या व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, मिस्त्री, रोज सकाळी तीन दमांत एक फुगा फुगवायचा, छाती उघडते. म्हटलं, फुगवायचाच तर वाया कशाला घालवा? त्याच्यावर प्लास्टरच्या पट्ट्या बसवू, भांडं करू. तीस वर्षं... थांब... तीस वर्षं लोकांच्या छताला फुलं काढली, एक भांडं नाही का जमणार? आता हा रिपोर्टच आहे की माझा. पाच होतं. सहा झालं. आठ. परवाचं उचल ते, निळ्या फुग्यावरचं. अकरा. अकरा इंच! ह्या दमाचा माणूस बेड अडवून बसेल तर लाज नाही का वाटणार?

लेक : एवढं बोलताना मध्येच थांबलात तुम्ही.

मिस्त्री : बोलायची सवय गेलीय. तुझी आई बोलू कुठे देते?

लेक : हॉस्पिटलच्या मशीनमध्ये फुंकलंत तेव्हा आकडा खाली आला होता, बाबा. मागच्यापेक्षा निम्म्यावर.

मिस्त्री : त्या मशीनमध्ये सगळ्या गावाने फुंकलंय. बिघडलं असेल. प्लास्टरचं तसं नसतं. फुगा जिथवर, तिथवरच ते बसतं. अर्धा इंच इकडे नाही की तिकडे नाही. आणि तो फुगा... माझ्या डोळ्यांदेखत...

आई : डोळ्यांदेखत नाही. तुमच्या डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा. मान खाली घालून बसता ना गुडघ्यांवर, खोकला थांबेपर्यंत. तेवढ्यात मी आत नेते.

मिस्त्री : हो, बांधायला.

आई : बांधायला नाही. फुगवायला. अहो, ती भांडी खोटी आहेत.

मिस्त्री : काय?

आई : त्या पाच इंचीनंतरची सगळी. वरचा दम माझा आहे. मी घालते आत जाऊन, रोज. तुम्ही जेवत नव्हतात म्हणून. चुकले मी. पण आता चला. हात जोडते, चला.

मिस्त्री : वा! झकास. दोघींनी आत बसून हे शिजवलं होय?

लेक : शिजवलं नाही, बाबा. मी आत्ता माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मिस्त्री : तू पाहणारच. तुला मला न्यायचंय. आणि हिला तू सांगितलंस असं म्हण म्हणून. अगं, जरा पटेल असं तरी रचायचं! ही बाई दुसऱ्या मजल्यावर पोचते तेव्हा भाजीची पिशवी कठड्याला टेकवून पाच मिनिटं उभी राहते. ही फुगवणार अकरा इंच?

आई : फुगवते. गाल दुखतात, कानात गुणगुण होते, तरी फुगवते.

मिस्त्री : मला तर नाही कधी ऐकू आलं.

आई : नळ सोडून ठेवते मी.

मिस्त्री : पुरे हं आता.

आई : अहो, दीड महिना खोटं वागले तेव्हा तुमचा डोळे मिटून विश्वास होता. आज एकदा खरं बोलतेय तर मी रचतेय? काय करू मी? कशाची शपथ घालू? हिच्या डोक्यावर हात ठेवू?

मिस्त्री : पोरीच्या डोक्याला हात लावू नकोस उगाच.

आई : मग तुमच्या पाया पडते. हे बघा. पडले.

लेक : आई, उठ गं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली. इथून अर्धा तास लागतो. बाबा, मी तुम्हाला उचलून नेईन, सांगून ठेवते.

मिस्त्री : नेऊन दाखव. उठ गं तू. उठ आधी. रडायचं नाही. रडून मी काही हलत नाही. आण एक नवा फुगा.

लेक : आता फुगा कशाला?

मिस्त्री : तुमच्यासमोर फुगवतो. तीन दमांत. दोघींनी इथेच उभं राहायचं. आठ इंच जरी झाला तरी ह्या घरात पुन्हा हॉस्पिटलचं नाव काढायचं नाही. कबूल?

लेक : नको. आहे तो दम जिन्याला लागेल त्यांना. आई, देऊ नकोस.

आई : दे. तो हिरवा दे. नाहीतर ते जागचे हलायचे नाहीत. मी ओळखते त्यांना.

लेक : घ्या. कबूल.

मिस्त्री : बघा हं आता.

आई : सावकाश. घाई नाही करायची. नाकाने घ्या आधी... हां. झाला एक दम. तोंड धरून ठेवा चिमटीत. थांबा जरा. नाही, नाही, बोलू नका.

लेक : आई, ओठ बघ त्यांचे. पुरे ना!

आई : दुसरा... हां. हां. खांदे सैल सोडा... बसा, बसा खाली. मी आहे पाठीशी. खोकला येऊ दे.

लेक : झालं, बाबा. सोडा आता.

मिस्त्री : तिसरा... राहिलाय...

आई : घ्या मग. हळूच... झाला. झाला हो तिसरा. ठेवा मान खाली. द्या इकडे, मी बांधून आणते.

मिस्त्री : कुठे निघालीस?

आई : अं?

मिस्त्री : आत... कुठे निघालीस?

आई : सवयीने हो. पाय वळले.

मिस्त्री : इथेच बांध.

आई : बांधला. हा बघा, बांधला इथेच.

मिस्त्री : थांब. डोळ्यांपुढचं काळं जाऊ दे... हं. दाखव.

आई : हा.

मिस्त्री : हा नव्हे. मी आत्ता फुगवला तो.

लेक : हाच आहे, बाबा.

मिस्त्री : टेप दे... तू नको, तिला आडवी धरू दे. हां. किती?

आई : साडेतीन.

मिस्त्री : नीट धर. वाकडी आहे टेप.

आई : वाकडी नाही हो. साडेतीनच आहे.

मिस्त्री : तीन दमांत?

आई : तीन दमांत.

मिस्त्री : आणि काल?

आई : कालही एवढाच. अर्धा इंच जास्त असेल फार तर.

मिस्त्री : मी बेड सोडला. तुझ्या फुंकरांवर विसंबून. शेजारपाजाऱ्यांना बोलावून बोलावून भांडी दाखवली. त्या व्यायामवाल्या बाईंना फोनवर अकरा म्हणून सांगितलं, त्या शाबास म्हणाल्या. शाबास मिस्त्री! मेलो असतो मी ह्या शाबासकीवर. कळतंय का तुला? मारलं असतंस तू मला.

आई : हो.

मिस्त्री : हो काय हो?

आई : मग काय म्हणू? रोज मनात यायचं, आज सांगेन. आणि रोज तुम्ही ते भांडं कानाशी धरून टिचकी मारून बघायचात आणि हसायचात. मग म्हणायची, उद्या.

मिस्त्री : मला सांगायचंस. मी काय, लहान पोर होतो?

आई : जेवत नव्हतात तुम्ही.

मिस्त्री : नसतो जेवलो! आठ दिवस नसतो जेवलो. पण बेड तर नसता सोडला.

लेक : बाबा, भांडा तुम्ही दोघं, पण गाडीत भांडा. सव्वाअकरा झालेत. मी हॉस्पिटलच्या बाईंना फोन करते, निघालो म्हणून सांगते.

मिस्त्री : आणि नाही पोचलो तर?

लेक : आत्ता नका विचारू ते.

मिस्त्री : नाही पोचलो तर, म्हणतो मी.

लेक : तर मला माहीत नाही, बाबा. खरंच माहीत नाही.

मिस्त्री : हं. नळी कुठाय?

आई : मशीनवरचा टॉवेल काढते. छोटी टाकी आहे बरोबर न्यायची, ती घेऊ. ही घ्या, कानावरून घ्या. घट्ट नाही ना झाली?

मिस्त्री : जिना उतरवेल का मला? तीन मजले आहेत.

लेक : मी पुढे जाऊन गाडी अगदी दाराशी लावते. खालच्या काकांना खुर्ची घेऊन वर पाठवते, ते आणि वॉचमन मिळून उचलतील. तोवर जेवढं उतरवेल तेवढं उतरा. आई, टाकी तुझ्याकडे. त्यांचा हात सोडू नकोस.

(जिन्यात. लेक खाली गेली आहे.)

आई : कठड्याला धरा. एक. दोन. दमानं. थांबायचं का?

मिस्त्री : नको.

आई : रागवा, पण बोला काहीतरी.

मिस्त्री : बोलायला... दम कुठाय? तू बोल.

आई : मी काय बोलू? माझ्या बोलण्याला आता काय किंमत आहे?

मिस्त्री : आहे तेवढी... आहे. थांब. थांब जरा.

आई : टेका. माझ्या खांद्यावर टेका. सगळा भार टाका हो, मी काही पडत नाही. काका येतीलच खुर्ची घेऊन.

मिस्त्री : किती पायऱ्या राहिल्या?

आई : झाल्याच की. थोड्याच आहेत.

मिस्त्री : आकडा सांग.

आई : एकेचाळीस.

मिस्त्री : हां. आता चल.